सिकलसेलची जनुक-दुरुस्ती येणार म्हणून कॅप्सूल थांबवायची का?

तुमच्या एका प्रश्नात चार प्रश्न आहेत, ते आधी सुटे करून घेतो. मुलगी १३ वर्षांची, पॅटर्न एसएस (दोन्ही जनुकं सिकलची, म्हणजे आजार), दोन वर्षांपासून हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल चालू, गेल्या वर्षभरात एकदाच भरती करावं लागलं. धाकटा मुलगा एएस, म्हणजे वाहक. तुम्ही विचारलंय की एका इंजेक्शनने सिकलसेल कायमचा जातो हे खरं का. ते औषध भारतात येणारच असेल तर तोवर कॅप्सूल बंद ठेवावी का, कारण शेजारचे म्हणतात ती कॅन्सरची गोळी आहे. तीन एकर वावर विकून मुलीला परदेशात नेलं तर काम होईल का. आणि दुरुस्ती झाली तर तिच्या मुलाबाळांत हा आजार उतरणार नाही ना.

मी विदर्भात लहान मुलांच्या रक्तविकारांचं काम करतो. ओपीडीत हल्ली कुणी ना कुणी मोबाइलवरचा व्हिडिओ पुढे धरून यातलंच काहीतरी विचारतं, म्हणून उत्तर जरा ऐसपैस देतो. घाई असेल तर एवढं आधी वाचा: कॅप्सूल बंद करू नका, वावर विकू नका, आणि धाकट्या मुलाची एचएलए तपासणी (भावाच्या पेशी बहिणीला जुळतात का हे पाहणारी) करून घ्या. या तिसऱ्या गोष्टीबद्दल तुम्ही विचारलंच नाही, पण तुमच्या घरासाठी सगळ्यांत महत्त्वाची तीच असू शकते.

आता सविस्तर.

सिकलसेलमधली चूक फार जुनी ओळखीची आहे. ११ व्या गुणसूत्रावर बीटा-ग्लोबिनचं जनुक असतं, त्यात एका ठिकाणी ‘ए’च्या जागी ‘टी’ हे अक्षर आलेलं असतं. तेवढ्याने हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. ऑक्सिजन सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब धागे होतात, पेशी ताठ आणि विळ्यासारखी वाकडी होऊन बारीक रक्तवाहिनीत अडकते. तुमच्या मुलीचे हातपाय किंवा छाती असह्य दुखते तेव्हा तिथल्या हाडाला रक्त पोचत नसतं. लायनस पॉलिंगने १९४९ मध्ये दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. १९५६ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅमने रेणूचा नेमका कुठला तुकडा बदललाय ते शोधलं. आपल्या मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली ती १९५८ मध्ये.

चूक माहीत होऊन सत्तरेक वर्षं झाली. तरीही जगात मंजूर झालेला जनुक-संपादनाचा (म्हणजे तुम्ही म्हणता त्या जनुक-दुरुस्तीचा) पहिला उपचार त्या चुकीच्या अक्षराला हातच लावत नाही. व्हिडिओत हे सांगत नाहीत, आणि हे कळल्याशिवाय बाकीचं काही नीट कळणार नाही.

त्याचं कारण तुमच्या स्वतःच्या अनुभवात आहे. मुलगी जन्मली तेव्हा तिला काही त्रास होता का? नसणार. एसएस बाळं पहिले काही महिने ठीक असतात, मग हळूहळू हातापायांना सूज, पांढरेपणा, दुखणं सुरू होतं. जॅनेट वॉटसन या न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४८ मध्येच ही गोष्ट हेरली होती. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याला आपण एचबीएफ म्हणतो. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते, म्हणून त्यात सिकलची चूक येतच नाही, आणि ते पेशीत पुरेसं असेल तर एचबीएसचे (सिकलच्या हिमोग्लोबिनचे) धागेही नीट जमू देत नाही. जन्मानंतर शरीर हे गॅमाचं काम आवरतं घेतं आणि बीटाचं सुरू करतं. काही घराण्यांत मात्र एचबीएफ मोठेपणीही भरपूर राहतं. अशा माणसाचा पॅटर्न एसएस असला तरी आजार बराच हलका जातो. आपल्या भागातल्या रुग्णांत एचबीएफ आफ्रिकी रुग्णांपेक्षा साधारणपणे जास्त सापडतं. त्यावरून ‘भारतातला सिकलसेल सौम्य असतो’ असं पुस्तकांत लिहिलं गेलं. विदर्भातले वॉर्ड ज्याने पाहिलेत तो हे वाक्य सरसकट मान्य करणार नाही.

मग जन्मानंतर गॅमाला गप्प कोण बसवतं? हजारो लोकांच्या जनुकसंचाची तुलना करून २००७–०८ च्या सुमारास एक नाव पुढे आलं, बीसीएल-११-ए. हे प्रथिन गॅमा जनुक दाबून ठेवतं. ते काढून टाकलं तर काम झालं असं वाटेल, पण हेच प्रथिन मेंदूच्या वाढीला आणि पांढऱ्या पेशींनाही लागतं, त्यामुळे सगळीकडून काढता येत नाही. २०१३ मध्ये बॉस्टनच्या स्टुअर्ट ऑर्किन आणि डॅनियल बाउअर यांच्या गटाने दाखवलं की या जनुकाच्या आतच एक छोटा नियंत्रक पट्टा आहे आणि तो फक्त लाल पेशींच्या वंशात कामाला येतो. त्या पट्ट्यातला नेमका मर्मबिंदू कुठला, हे शोधायला त्यांनी २०१५ मध्ये जनुक-संपादनाची कात्रीच वापरली. पट्ट्यावर जवळजवळ प्रत्येक जागी एकेक काप घालून पाहिला आणि कुठे कापलं की एचबीएफ वाढतं ते नोंदवलं. जनुक-संपादन म्हटलं की सगळे उपचाराचंच बोलतात. माझ्या मते त्याची जास्त मोठी कमाई या शोधकामात आहे. आजार कुठल्या दुव्यावर टांगलेला आहे हे असं एकेक दुवा तोडून तपासण्याची सोय आधी नव्हती.

ही कात्री म्हणजे क्रिस्पर-कॅस-९. जीवाणू विषाणूंना तोंड द्यायला जी यंत्रणा वापरतात, तिचं हवं तिथे कापणारं हत्यार करता येतं हे इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२ मध्ये दाखवलं. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. वाट दाखवायला आरएनएचा एक तुकडा असतो. तो जिथे जुळतो तिथे कॅस-९ डीएनएचे दोन्ही धागे कापतं, आणि पेशी ते टोक घाईघाईने जोडताना एखाद-दोन अक्षरं इकडची तिकडे करते. अक्षरं हवी तशी बसवण्यापेक्षा काहीतरी बिघडवणं या कात्रीला सोपं जातं. म्हणून शास्त्रज्ञांनी बीटाची चूक सुधारण्याच्या भरीस न पडता बीसीएल-११-एचा तो नियंत्रक पट्टा बिघडवला. लाल पेशींत दाबणारं प्रथिन कमी झालं, गॅमा पुन्हा सुरू झालं, एचबीएफ परत आलं.

कॅस्जेव्ही नावाचा उपचार तो हाच. ब्रिटनने १६ नोव्हेंबर २०२३ ला आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ ला त्याला मंजुरी दिली, वय १२ आणि त्यापुढे.

आता ‘एक इंजेक्शन’ म्हणतात त्यात काय काय होतं ते ऐका. आधी सुमारे दोन महिने नियमित रक्त चढवून शरीरातलं एचबीएस ३० टक्क्यांच्या खाली आणतात. मग प्लेरिक्साफॉर नावाचं औषध देऊन अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी रक्तात आणतात आणि यंत्राने त्या गाळून घेतात. कॅन्सरच्या रुग्णांत यासाठी जे नेहमीचं औषध वापरतात ते सिकलसेलमध्ये चालत नाही, त्याने जीवघेणा क्रायसिस (पेशी अडकून अचानक येणारं तीव्र दुखणं) येऊ शकतो. एका फेरीत पुरेशा पेशी मिळतीलच असं नाही, काहींना पुन्हा पुन्हा यावं लागतं. त्या पेशी कारखान्यात जातात, तिथे त्यांच्यावर कात्री चालवतात, तपासण्या होतात, आणि परत यायला काही महिने लागतात. परत आल्यावर रुग्णाला भरती करून बुसल्फान ही जबर केमोथेरपी देतात. शरीरातली जुनी अस्थिमज्जा मोकळी झाली तरच नव्या पेशींना जागा मिळते. त्यानंतर दुरुस्त पेशी शिरेतून सोडतात, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. व्हिडिओत दिसतं ते एवढंच. पुढे चार ते सहा आठवडे वेगळ्या खोलीत, पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्य, तोंडात फोड, केस गेलेले, ताप आला की धावपळ.

बुसल्फानने आलेले तोंडाचे फोड भरून येतात, केसही परत येतात. पण मुलींच्या अंडाशयाला मोठा धोका असतो, पुढे मूल होण्याची शक्यता बरीच घटते. उपचाराआधी बीजांडं किंवा अंडाशयाचा तुकडा गोठवून ठेवायची सोय आहे, पण १३ वर्षांच्या मुलीशी आणि तिच्या आईशी हे बोलणं सोपं नसतं आणि ते टाळताही येत नाही. क्वचित फुप्फुसं आणि यकृतही दुखावतं. कॅस्जेव्हीच्या चाचणीत एका रुग्णाचा कोविडनंतर श्वसन बंद पडून मृत्यू झाला, त्यात बुसल्फानने झालेल्या इजेचाही हात असू शकतो असं मानलं गेलं. दुसऱ्या एका कंपनीच्या अशाच धर्तीच्या चाचणीतला एक मृत्यू २०२४ मध्ये बुसल्फानशीच जोडला गेला. लोक कात्री चुकेल म्हणून घाबरतात. आजच्या घडीला मला त्याहून जास्त भीती त्या केमोथेरपीची वाटते.

कात्रीची भीती खोटी आहे असं नाही. तिने दुसरीकडे कुठे काप घातला तर काय, हा प्रश्न अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने ३१ ऑक्टोबर २०२३ च्या बैठकीत मुख्यतः घेतला होता. त्याच वर्षीच्या एका शोधनिबंधात दिसलं होतं की आफ्रिकी वंशाच्या काही लोकांत डीएनएचा एक असा फरक असतो की त्यामुळे याच मार्गदर्शक आरएनएला दुसरीकडे एक जास्तीची जागा मिळते. युरोपीय माणसाचा जनुकसंच समोर ठेवून पाहिलं असतं तर ती जागा दिसलीच नसती. आपल्या गोंड, माडिया, भिल्ल, महार, कुणबी घरांतल्या जनुकसंचात काय फरक आहेत हे म्हणूनच आधी तपासावं लागेल. उपचार घेतलेल्यांवर १५ वर्षं लक्ष ठेवायचं ठरलंय.

आणि फायदा? तो मोठा आहे, हे कबूल करायलाच हवं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत, पुरेसा काळ पाहता आलेल्या ३० रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने एकही गंभीर क्रायसिस आला नाही. एचबीएफ एकूण हिमोग्लोबिनच्या सुमारे ४० टक्क्यांवर गेलं आणि तिथेच टिकून राहिलं. २०१९ मध्ये हा उपचार घेणारी अमेरिकेतली पहिली सिकलसेल रुग्ण व्हिक्टोरिया ग्रे नंतर जगभर आपला अनुभव सांगत फिरली. वर्षाला कित्येकदा भरती होणारी बाई विमानप्रवास करते, ही आम्हा डॉक्टरांनाही नवलाची गोष्ट होती.

पण त्या चाचणीत कुणाला घेतलं होतं ते पाहा. आधीच्या दोन वर्षांत दर वर्षी किमान दोन गंभीर क्रायसिस आलेले रुग्ण. तुमच्या मुलीला वर्षभरात एकदाच भरती व्हावं लागलंय. ती तिथे गेली असती तर बहुधा निकषातच बसली नसती, आणि मला ते योग्य वाटतं. कॅप्सूलवर ठीक असलेल्या मुलीला बुसल्फानच्या तोंडी द्यायचं तर दुसऱ्या बाजूला तेवढा मोठा आजार असावा लागतो.

परदेशाचं गणित तिथेच अडतं, तरी पैशांचंही सांगतो. अमेरिकेत कॅस्जेव्हीची किंमत २२ लाख डॉलर, रुपयांत अठरा कोटींच्या वर. ही किंमत फक्त त्या औषधाची. रुग्णालय, महिनोन्‌महिन्यांचा मुक्काम, रक्त, तपासण्या, पुढची वर्षानुवर्षांची देखरेख हे सगळं निराळं. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्य सेवेतून सिकलसेलसाठी हा उपचार जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झाला, पण तो तिथल्या रहिवाशांसाठी. तीन एकरांत तिकीट आणि व्हिसाच्या पुढे फारसं काही होणार नाही आणि वावर मात्र जाईल.

आता भारतात काय चाललंय. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या सरकारी संस्थेत देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांच्या गटाने वेगळ्या जीवाणूपासून घेतलेलं कॅस-९ विकसित केलंय. ते नको तिथे कापण्याच्या बाबतीत जास्त काटेकोर आहे. कोविडच्या काळात ‘फेलुदा’ ही तपासणी याच गटाने याच प्रकारच्या प्रथिनावर बनवली होती. सिकलसेलसाठीच्या त्यांच्या उपचाराला भगवान बिरसा मुंडा यांच्या नावावरून ‘बिरसा-१०१’ नाव दिलंय, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची घोषणा झाली, आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्याचा करार झालाय. तुम्ही पाहिलेला व्हिडिओ बहुधा या बातमीवरचाच असावा.

घोषणा झाली म्हणजे औषध दवाखान्यात आलं असं नव्हे. आधी थोड्या रुग्णांत ते सुरक्षित आहे का ते पाहावं लागतं, मग उपयोग होतो का ते, मग केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी. किती वर्षं लागतील याचा आकडा मी देणार नाही, आणि जो छातीठोकपणे देतो त्याच्यापासून सावध राहा. पण आशा ठेवायला आधार आहे. रक्ताच्या कॅन्सरवरची कार-टी पेशींची उपचारपद्धती परदेशात कोट्यवधींची होती. मुंबई आयआयटी आणि टाटा मेमोरियलच्या कामातून तयार झालेल्या देशी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि किंमत परदेशाच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आली. जनुक-संपादनातही कात्रीचा खर्च असाच उतरू शकतो. माझी शंका वेगळी आहे. पेशी गाळणारं यंत्र, निर्जंतुक खोल्या, रात्री-अपरात्री प्लेटलेट देणारी रक्तपेढी आणि या कामात मुरलेल्या नर्स यांचं काय? गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारला रुग्ण आहेत आणि या सोयी आहेत मोठ्या शहरांत. औषध फुकट झालं तरी हे अंतर उरतंच, आणि त्याबद्दल बोलताना फारसं कुणी दिसत नाही.

यात एक धोक्याचा कंदील. ‘चाचणीत नाव घालून देतो, एवढे लाख भरा’ किंवा ‘स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन सिकलसेल घालवतो’ असं सांगणारे भेटतील. खऱ्या चाचणीची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीवर असते आणि ती कुणालाही पाहता येते. चाचणीतल्या उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. चाचणीमुळे काही इजा झाली तर तिचा उपचार आणि भरपाई देणं कायद्याने बंधनकारक आहे. मुलगी १३ वर्षांची आहे, म्हणजे तुमच्या सहीबरोबर तिला समजावून सांगून तिचा लेखी होकारही घ्यावा लागतो. यातलं काही गळलेलं दिसलं की उठून या.

कॅप्सूलकडे वळतो. शेजारी म्हणतात ते अर्धं खरं आहे. हायड्रॉक्सीयुरिया रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये वापरतात. सिकलसेलमध्ये ती वेगळ्या मात्रेत, वेगळ्या कामासाठी देतात, आणि ते काम ऐकून तुम्हाला मजा वाटेल: ती एचबीएफ वाढवते. अठरा कोटींचा उपचार आणि ही कॅप्सूल एकाच दिशेने जातात. कॅप्सूलचा परिणाम कमी, सगळ्यांत सारखा नाही, आणि रोज घ्यावी लागते. पण १९९५ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत तिने क्रायसिस जवळजवळ निम्म्यावर आणले. २०१९ मध्ये अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडातल्या मुलांवरच्या अभ्यासात दुखण्याबरोबर मलेरिया आणि मृत्यूही कमी दिसले. गडचिरोलीकडच्या घराला मलेरियाचं वेगळं सांगायला नको. गेल्या वर्षी तुमची मुलगी एकदाच भरती झाली त्यात बराच वाटा या कॅप्सूलचा असणार. बंद केलीत तर काही आठवड्यांत एचबीएफ उतरेल आणि दुखणं परत येईल.

जपायचं ते असं: ठरल्याप्रमाणे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायची, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खूप उतरल्या तर डॉक्टर मात्रा थांबवतात किंवा कमी करतात. वजन वाढलं की मात्राही वाढवावी लागते. १३ व्या वर्षी मुलं भराभर वाढतात आणि मात्रा मात्र दोन वर्षांपूर्वीचीच राहते, हे मी फार पाहतो. पुढे लग्न झाल्यावर दिवस राहण्याआधी कॅप्सूलबद्दल डॉक्टरांशी बोलायचं. सिकलसेलचे औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, आणि १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेनंतर पुरवठ्याकडे जास्त लक्ष दिलं जातंय. उपकेंद्रात कॅप्सूल संपली असेल तर महिनाभर वाट पाहत बसू नका, जिल्हा रुग्णालयात विचारा.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. सिकलसेल मुळातून बरा करणारा एक उपचार भारतात आज उपलब्ध आहे, अस्थिमज्जा प्रत्यारोपण. सख्ख्या भावाबहिणीची एचएलए पूर्ण जुळली तर मुलांमध्ये त्याचं यश नव्वद टक्क्यांच्या वर आहे. प्रत्येक सख्ख्या भावंडाची जुळण्याची शक्यता चारात एक. खूप घरांत मुलाचा पॅटर्न एएस आला की ‘हा वाहक आहे, याचं चालणार नाही’ असं मानून विषय तिथेच संपवतात. एएस भाऊ दाता म्हणून चालतो. त्याच्या पेशी बसल्यावर बहिणीचं रक्त एएस होतं, आणि एएस म्हणजे आजार नव्हे. एसएस भावंड मात्र चालत नाही.

प्रत्यारोपणातही केमोथेरपी आहे, मूल होण्याबद्दलची तीच काळजी आहे, शिवाय दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटण्याचा धोका आहे, जो स्वतःच्याच पेशी वापरणाऱ्या जनुक-संपादनात नसतो. खर्च लाखांत जातो, सरकारी आणि धर्मादाय योजनांतून त्यातला बराच भाग उचलला जाऊ शकतो. मुंबईत बोरिवलीला महापालिकेचं मुलांच्या रक्तविकारांचं प्रत्यारोपण केंद्र आहे, वेल्लोरचं सीएमसी आहे, इतरही आहेत. मुलीला आज प्रत्यारोपण कराच असं मी म्हणत नाही. मोठ्या वयात धोका वाढतो, म्हणून पर्याय हातात आहे की नाही हे आत्ताच कळलेलं बरं. एचएलए जुळली आणि पुढे मेंदूचा झटका, वारंवार छातीचा क्रायसिस असं काही झालं, तर निर्णय महिन्यांत न जाता दिवसांत होतो.

मुलाबाळांचा प्रश्न. जनुक-संपादन असो वा प्रत्यारोपण, बदल होतो रक्त बनवणाऱ्या पेशींत. मुलीच्या बीजांडांत सिकलचं जनुक होतं तसंच राहतं, आणि तिच्याकडून प्रत्येक मुलाला एक सिकल जनुक जाणारच. नवऱ्याचा पॅटर्न एए (सिकलचं जनुक नाही) असेल तर सगळी मुलं वाहक, आजारी एकही नाही. नवरा एएस असेल तर प्रत्येक गरोदरपणात एसएस होण्याची शक्यता निम्मी. म्हणून लग्नाआधी मुलाचा पॅटर्न पाहणं उपचारानंतरही तेवढंच गरजेचं राहील. तुमच्या धाकट्या मुलालाही हे लागू आहे, त्याची बायकोही एएस निघाली तर चारात एक. गरोदरपणात १० ते १२ आठवड्यांत गर्भाची तपासणी करता येते. बीजांडात किंवा गर्भातच बदल करायचा प्रयत्न चीनमधल्या ‘हे जियानकुई’ या शास्त्रज्ञाने केला. २०१८ मध्ये ते उघड झालं आणि त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. भारतातही त्याला मनाई आहे. आणि असू द्यावी, कारण दोन्ही बाजूंचे पॅटर्न पाहून हा प्रश्न रक्ताच्या एका साध्या तपासणीत सुटतो.

पुढच्या वीस वर्षांत काय बदलेल याबद्दल माझं थोडं मत सांगतो. दोन्ही धागे न कापता एकच अक्षर बदलणारी पद्धत २०१६–१७ मध्ये डेव्हिड लिऊच्या प्रयोगशाळेतून आली. तिने सिकलचं अक्षर मूळपदावर येत नाही, पण ‘मकासर’ नावाच्या एका निरुपद्रवी प्रकारात बदलता येतं. २०१९ च्या ‘प्राइम एडिटिंग’ या पद्धतीने मूळ अक्षरही परत बसवता येतं, प्रयोगशाळेत तरी. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळाच्या यकृतातल्या दुर्मीळ दोषासाठी खास त्याच्यापुरतं औषध सहा महिन्यांत तयार करून सरळ शिरेतून दिलं गेलं. केमोथेरपी लागली नाही. तसंच औषध यकृताऐवजी अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींपर्यंत पोचवता आलं, तर बुसल्फान जाईल, निर्जंतुक खोली जाईल आणि हा उपचार जिल्हा रुग्णालयात होऊ शकेल. गडचिरोलीसाठी मी वाट पाहतोय ती त्याची. ते काम अजून संशोधनात आहे.

तोवर मुलीचे अवयव धड राहिले पाहिजेत, कारण मूत्रपिंड, फुप्फुस, यकृत खराब झालेल्या रुग्णाला यातला कुठलाच उपचार देता येत नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा: मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी झालीये का (१६ वर्षांपर्यंत ती दर वर्षी करतात), लघवीतलं अल्ब्युमिन आणि डोळ्यांचा पडदा पाहिलाय का, न्यूमोकोकसची लस पूर्ण आहे का. हिमोग्लोबिन सात-आठ आहे एवढ्याच कारणाने रक्त चढवून घेऊ नका. एसएसमध्ये ते तेवढं असतंच. विनाकारण चढवलेल्या प्रत्येक पिशवीने शरीरात लोह साठतं आणि परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होण्याची शक्यता वाढते. पुढे खरोखर गरज पडली की जुळणारं रक्त मिळत नाही, आणि प्रत्यारोपण किंवा जनुक-संपादन करायचं म्हटलं तर तिथेच अडतं.

एचएलएसाठी मुलगा, मुलगी आणि तुम्ही दोघं अशा चौघांचा नमुना लागतो, थोडं रक्त किंवा गालाच्या आतून कापसाने घेतलेला. मुलाला आधी सांगा की हे कशासाठी आहे, आणि जुळलं नाही तर त्याची काही चूक नाही. अहवाल आला की तो, दोघांची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचा पॅटर्न दाखवणारी तपासणी) आणि मुलीच्या भरतीची कार्डं घेऊन एखाद्या प्रत्यारोपण केंद्राच्या ओपीडीत एकदा जाऊन या. पहिल्या भेटीत ते फक्त कागद पाहून सल्ला देतात, पैसे जमवून जायची गरज नाही.